वादळघर

शाळेमागच्या घुमटाचा हिशेब माझा.
आधी फुगा, मग आतून फेस, सळ्या,
मग फवारलेलं काँक्रीट.
व्यास नव्वद फूट. माणसं पाचशे.
ओक्लाहोमात वारा कोपरे शोधत येतो,
म्हणून कोपराच ठेवला नाही.

व्हर्ना टॅकेट, लॅटिनच्या निवृत्त बाई, वय एक्क्याऐंशी,
काठीने भिंत वाजवून म्हणाल्या, "थोलोस."
मायसीनीला असाच आहे, टेकडीत पुरलेला.
चुना नाही, काही नाही,
दगडाचा दर थर खालच्यापेक्षा बोटभर आत,
अगदी वर एकच दगड.
लोक समजत होते राजाचा खजिना.
होतं थडगं.

मला हरिपूरचं पेव आठवलं.
तोंड निमुळतं, पोट मोठं, हळदीचा उग्र वास.
माणूस उतरण्याआधी कंदील सोडायचा,
तो विझला तर माणूस सोडायचा नाही.
खजिना आणि थडगं यांत
तेवढ्या ज्योतीचं अंतर.

"अथेन्सच्या थोलोसात मात्र जेवायचे," बाई म्हणाल्या.
पन्नास जण, गावाच्या खर्चाने.
सतरा जण रात्रीही तिथेच निजायचे,
अपरात्री काही झालं तर कुणीतरी जागेवर हवं.
आणि वजनमापं तिथे, खरी.
बाजारात भांडण झालं की ताडून बघायला.
"एपिडॉरसला अजून एक आहे.
खाली चक्रव्यूह. कशासाठी, ठाऊक नाही.
सांगणारे पुष्कळ."

नऊ मेला पावणेसहाला भोंगा वाजला.
माणसं आली, कुत्री आली, एक बोकड आला.
डेल्बर्टने शाळेच्या पातेल्यात घेवडा शिजवला.
रॉक्सीने स्वयंपाकघरातला तराजू आणून
दुधाची भुकटी तीन आयांत सारखी वाटली,
चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे,
आणि तिघीही काट्याकडे बघत होत्या.
रात्री किती जण तिथेच निजले?
मोजायचं मनात आलं. मोजले नाहीत.

दिवे गेले.
बाहेर मालगाडी डोक्यावरून जावी तसा आवाज,
आत एवढी माणसं, आणि चिडीचूप.
मग तो आवाज लांब गेला.
आवाजाचा हिशेब मी केलाच नव्हता.
भिंतीवरून सरपटत
नव्वद फुटांपलीकडची कुजबुज कानाशी आली,
कुणाची तरी, कुणाला तरी:
"गॅस बंद केला होतास ना?"

माझ्या शेजारचे तिघे अंधारात
एकदम म्हणाले, "हो."