निखारा झाकताना

व्हिल्नियसला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
रिमगाइले इन्क्युबेटरचं दार उघडते.
उबेबरोबर एक वास बाहेर येतो,
विरजणाचा नव्हे,
पण त्याच्या चुलत नात्यातला.

तीन थाळ्या.
पहिलीत जिवाणूंना नुसती ए दिलेली :
पिवळट सायीवर भोकंच भोकं,
कसर लागलेल्या लोकरीसारखी.
दुसरीत नुसती बी :
तशीच भोकं. तिनं मोजायला घेतली,
एकशे चाळीसवर सोडून दिली.
तिसरीत दोघी.
ही थाळी ती दिव्याकडे धरते,
फिरवते, पुन्हा धरते.
साय सलग.

या जोडीचं नाव गाबिया.
रिमगाइलेच्या गावाकडची चुलीची देवी;
नाव मात्र ठेवलं कुणी दूरदेशीच्यांनी,
तिच्या माणसांना न विचारता.
कागदावर गाज-ए, गाज-बी.
गाज कसली, साधी कुजबुजही नाही.
चार ए, चार बी,
एकमेकींत हातपाय अडकवून
पेशीत निजलेल्या.

पेशी खाऊनपिऊन सुखी असते
तोवर एची कात्री उघडत नाही.
भरल्या घरात ती बोथट.
मग विषाणू भिंतीला चिकटतो,
आपला दोरा आत सोडतो,
आणि घरातलंच धान्य उपसून
आपली पिल्लं घडवायला बसतो.
कणगी उतरते.
तेवढ्यानं एला जाग येते.
ती दोरा तोडते.
तुटकी टोकं बीच्या हाताला लागतात
आणि बी, इतका वेळ गप्प असलेली,
उरलंसुरलं सगळं जाळत सुटते,
घरच्यांचं, पाहुण्याचं,
निवडत बसत नाही.

पेशी मरते.
पिल्लं अर्धीमुर्धी राहतात.
शेजारणीला यातलं काही कळत नाही,
ती आपली दुभंगते,
एकीच्या दोन, दोनाच्या चार.

मार्त्सिन्कोनिसची डोमित्सेले आत्या
रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची,
हलक्या हातानं, पांघरूण सारखं करावं तशी.
शेजारी वाटीभर स्वच्छ पाणी,
आगीला तोंड धुवायला.
"नीज," म्हणायची, "हिंडू नकोस."

आणि ज्या उन्हाळ्यात पाइनचं जंगल पेटलं,
वारा गावाकडे वळला,
तेव्हा तिनंच घमेल्यात निखारे नेले
आणि स्वतःचं उभं राय,
कापणीला आठ दिवस उरलेलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत लावून दिलं.
जंगलाची आग आली,
काळ्या पट्ट्यापाशी घुटमळली,
तिला खायला काही नव्हतं.
गावानं आत्याला एक पोतं राय आणून दिलं.
एकच.
त्याविषयी ती पुढे कधी बोलली नाही,
फक्त पोतं उसवून त्याच्या पिशव्या केल्या.

रिमगाइले वहीत लिहिते :
ए अधिक बी, भोकं शून्य.
शून्यावरून पेन दोनदा फिरतं.

उद्या दुसरा विषाणू.
त्याच्याजवळ एक प्रथिन आहे म्हणे,
आठही जणींना भोवतीनं वेढून टाकणारं.
राख त्यालाही येते ओढता.
त्या थाळीवर काय दिसेल
हे तिला जवळजवळ ठाऊक आहे,
तरी नवी थाळी ती आजच ओतून ठेवते.

आत ओलावा राहावा म्हणून
इन्क्युबेटरच्या तळाशी पाण्याची वाटी लागते.
कालची आटली आहे.
ती नळ सोडते,
वाटी काठोकाठ भरते,
आणि दार
हलक्या हातानं लावते.