पो नंबर एकतीस

औषध पाण्यासारखं दिसतं.
बाबा त्याला पाणीच म्हणतात:
"उद्या गाईंना पाणी टोचायचंय, लवकर ये."
पन्नास किलोमागे एक मिली,
खांद्यापुढची कातडी चिमटीत, सुई तिरकी.
नऊ वर्षांची असल्यापासून मी ती चिमूट धरते आहे
आणि आता विद्यापीठ मला पगार देतं
त्याच गाईंमागे बादली घेऊन फिरण्याचा.

एस्त्रेमादुराच्या ओकखाली मी शेणाचे पो मोजते.
प्रत्येकाशेजारी काठी, काठीला लाल फीत,
फितीवर दिवस: सुईनंतरचा तिसरा, सातवा,
चौदावा, अठ्ठाविसावा.
कुंपणापलीकडे एउस्ताकियोच्या कुरणात निळ्या फिती.
त्याच्या गाईंना काहीच टोचलेलं नाही.
तिथे पो संध्याकाळपर्यंत चाळणी होतो,
चार दिवसांत भुसा,
पंधरवड्यात विचारावं लागतं, इथेच होता ना?

आमच्याकडे विचारावं लागत नाही.

प्रयोगशाळेत एक शेणकिडा मेणावर बसवलेला,
मिशीला दोन तारा, केसाहून बारीक.
नळीतून ताज्या शेणाचा वास सोडायचा
आणि पडद्यावरची रेघ बघायची.
निळ्या कुरणातल्याची रेघ ताडकन उठते,
दारातून कुणी नाव घेऊन हाक मारावी तशी.
मग आमच्याकडचा बसवला.
वास सोडला.
पुन्हा सोडला.
मी नाकाला रुमाल लावून बसले होते,
इतकी खोली भरली होती.
रेघ आडवीच.
किडा जिवंत होता. पाय हलवत होता.

हे बाबांना कसं सांगायचं?
त्यांनी जंतांनी पोखरलेली वासरं पाहिलीत,
जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबणारी;
एका हिवाळ्यात अकरा,
आजोबांनी एकाच खड्ड्यात टाकलेली.
पाणी आलं आणि वासरं उभी राहिली.
"बाटलीवर लिहिलंय की सगळं," ते म्हणतात,
"मांसाला किती दिवस, दुधाचं काय."
शेणाचंही लिहिलंय.
बाटली उन्हात धरून, मुंगीएवढी अक्षरं
मी वाचून दाखवली.
"हे कुणी वाचायचं?" ते म्हणाले. "किड्यांनी?"

मार्चमध्ये, न बोलावता, ते माझ्यामागून कुरणात आले.
पो नंबर एकतीस, गेल्या एप्रिलचा.
वर पापुद्रा, शिळ्या पावाच्या कडेसारखा.
भोवती वीतभर गवत, ज्याला गाई तोंड लावत नाहीत.
एक हुदहुद आला, चोच खुपसली,
डोकं तिरकं करून पाहिलं, आणि कुंपणापलीकडे गेला.

मी फावडं घातलं.
पडलेलं शेण माती घेऊन उठतं म्हणतात.
हे उठलं ताटासारखं, एकसंध,
खाली पांढरं पडलेलं गवत
आणि बुडाला मातीचा कण नाही.

बाबा वाकले.
मधोमध एक खूर उमटलेला,
डावी नखी तुटकी, आत वळलेली.
"गोलोंद्रिना," ते म्हणाले.
गोलोंद्रिना म्हणजे पाकोळी.
कळपातली सगळ्यात सावकाश गाय,
चौदा वर्षांची,
गेल्या जूनमध्ये ट्रकवर चढेना,
आम्ही दोघांनी मागून ढकललं होतं.
तिची घंटा आता दुसरीच्या गळ्यात आहे.
तिच्या जागी दावणीला दुसरी.
आणि हे इथे.

मला वाटलं, आता ते चिडतील, निदान फावडं हिसकावतील.
त्यांनी त्या खुरात अंगठा ठेवला, थोडा दाबला.
खूर हलला नाही.
"याचं एव्हाना गवत व्हायला हवं होतं."
एवढंच.

वहीत मी लिहिलं: एकतीस, अकरा महिने, किडे शून्य.
शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.

परवा टोचणीचा दिवस.
आज सकाळी माझ्या टेबलावर बावीस डब्या,
जॅमच्या, ऑलिव्हच्या, एक माझ्या जुन्या रंगांची,
आत प्रत्येक गाईचं शेण,
झाकणावर पेनाने नावं, अर्धी चुकलेली.
जंत कुणाला आहेत, कुणाला नाहीत,
सगळ्यांना टोचायचं की निवडून,
यातलं ते काहीच बोलले नाहीत.
दारातूनच म्हणाले, "मोज,"
आणि बूट न पुसता निघून गेले.