बिलबुकाच्या पाठीवर, नियम सातवा

शटर अर्धं खाली ओढलं की
शनिवारी आमची गुहा सुरू होते.
जळक्या मोटरी, वार्निशचा वास,
आणि वाइंडिंगच्या टेबलावर
खताच्या पिशवीचा उलटा कागद,
त्यावर पेन्सिलीनं काढलेलं भुयार.

भोजराज जिनिंगमध्ये गाठी उचलतो, खेळात राजपुत्र.
तन्वीर वैद्य. सुगत चोर, म्हणजे एरवी पोस्टात.
करिष्मा उईके दिवसा अंगणवाडीत
पोरांची वजनं घेते, रात्री मशाल धरते.
मी राक्षसांच्या वतीनं बोलतो.

पहिली नियमावली नागपूरहून आणलेली झेरॉक्स.
तीत लिहिलं होतं:
शेवटचा घाव ज्याचा, गुण त्याचे.
एवढी एक ओळ,
आणि चार बरी माणसं
मरत्या अजगराभोवती हात आवरून उभी,
आधी मारायला कोणी तयार नाही.
तन्वीरनं पट्टी बांधली नाही,
पट्टीला गुण नव्हता.
मशालीलाही नव्हता.
"मंग मी काऊन धरू? मीबी मारतो,"
म्हणत करिष्मानं ती विझवली.
अंधारात सुगतचा सुरा
राजपुत्राच्या पाठीत गेला.
हसलो खूप. घरी मात्र
वेगवेगळ्या गल्ल्यांनी गेलो.

मी ओळ खोडली. लिहिलं, गुण सगळ्यांना सारखे.
महिनाभर बरं चाललं.
मग भोजराज पाळी आली की
मोबाइलमधून मान न काढता
"हो, मारला" म्हणायला लागला,
शेंगदाण्याची फोलपटं फुंकत.

तीन फेजपैकी एक गेला
तर चालती मोटर लगेच थांबत नाही.
हुंऽऽ करत उरलेल्या दोनांवर ओढत राहते,
आणि सकाळी कोणीतरी तिला
बंडीत घालून माझ्याकडं आणतो, काळी पडलेली.
लोक म्हणतात, तार हलकी होती.
तार बहुतेक वेळा चांगली असते.

एका रात्री लाइट येईस्तोवर
मेणबत्तीपाशी बसून लिहिलं, नियम सातवा:
प्रत्येकाला तीन चिंचोके.
स्वतःसाठी वापरायचे नाहीत.
दुसऱ्याचा फासा चुकला तर
आपला एक त्याच्यापुढं ठेवून
त्याला फासा पुन्हा टाकायला देता येतो.
खाली जीएसटीचा रकाना, तो कोराच.

पहिल्या शनिवारी बाराच्या बारा
चिंचोके डब्यात परत आले.
दुसऱ्या शनिवारी तन्वीरनं एक दिला, घाबरत,
पाहुण्यासमोर चहा सांडावा तसा.
द्यायचा तर समोरचा कधी चुकतो
ते बघत बसावं लागतं.
भोजराजचा मोबाइल पालथा पडला तो तेव्हापासून.
सुगत म्हणाला, "हे भीक मांगनं झालं,"
दोन शनिवार आला नाही.
तिसऱ्याला गोडंबी घेऊन आला,
त्यावर कोणी काही बोललं नाही.

मागच्या खेपेला राजपुत्रानं विहिरीत दोर कापला.
वर तो एकटा, खाली मशाल.
करिष्मा कशीबशी चढून आली,
दोन पाळ्या गप्प बसली.
मग दगडी दारापुढं त्याचा फासा एकवर पडला.
सगळ्यांचे चिंचोके संपलेले. तिच्यापाशी एक.
त्यानं मागितला नाही.
गाठींच्या पट्ट्यांनी चिरलेली बोटं पाहत राहिला.

तिनं चिंचोका सरकवला.
"काऊन वो?"
"नेमातच हाय," ती म्हणाली.

मी बिलबुक उलटून पाहिलं.
'देता येतो' असं लिहिलं होतं.
'द्यावा' असं नाही.

फासा पुन्हा पडला. दोन.
दार कोसळलं, राजपुत्र गेला.
चिंचोका दोघांच्या मधोमध तसाच राहिला.
तो उचलायचा कोणी,
हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.