बुकरम

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन आठवडे
तिचा हात तोंडात जाता कामा नये.
दवाखान्यानं दिलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या
भंडारा यायच्या आत, एसटीतच, चेपल्या.

मग मी मशीनवर बसलो.
गणवेशाचं उरलेलं निळ्या चौकडीचं कापड,
आत कॉलरचं बुकरम, दुहेरी,
खांद्याशी नाडी, मनगटाशी मलमल.
सतरा वर्षं बाह्या शिवतोय,
कोपर वाकू नये म्हणून शिवलेली ही पहिलीच जोडी.

नैना ती घालून अंगणात उभी राहिली,
बांधीतल्या बुजगावण्यासारखी,
आणि एका बाहीनं माझ्या पाठीत हाणलं.
जोरात.
बरं वाटलं.

चार वर्षांची आहे. टाळूला फट घेऊन आली.
पाजलेलं दूध नाकातून परत यायचं
आणि शेजारणी म्हणायच्या, लेकरू अधाशी आहे.
आई तिला स्वच्छ म्हणता यायचं.
स्वतःचं नावही. नैना. सगळं नाकातलंच.
बाबाचा मात्र मामा व्हायचा.
ओठ मिटायचे ब साठी,
हवा वरच्या वर नाकातून निसटायची.
मंडईच्या गर्दीत, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर: मामा.
‘निर्गुणाचा भाऊ का गा तू?’
मीही हसायचो,
टेप दातात धरून.

घरी आल्यावर पहिल्या रात्री
उशीवर गुलाबी लाळ.
फोन लावला. सिस्टर म्हणाली, होते तशी,
लाल झाली तर घेऊन या.
रात्रभर मी गुलाबी आणि लाल
यांच्यामधला रंग शोधत होतो
रिळांच्या डब्यात.
एकही रीळ जुळेना.

निर्गुणा पहाटेच धान चुरायला जाते.
पेज मी गाळतो. फडक्यातून, दोनदा.
चमचा नाही, वाटीनं.
वर पाण्याचे दोन घोट.
नाक खाजलं की ती माझ्यासमोर येऊन
तोंड पुढं करते,
मी खाजवतो.
‘इने नाई, इने.’
नाक कुठं संपतं आणि खाज कुठं सुरू होते
हे बापाला इतक्या बारकाईनं
कधी कळावं लागतं?

संध्याकाळी आ करायला लावतो, टॉर्च धरतो.
टाके मी टेलरच्या नजरेनं बघतो.
अंतर सारखं. ओढ कुठंच नाही.
धागा आपोआप विरघळेल म्हणाल्या.
असा धागा मी वापरला असता
तर गावानं उभं केलं नसतं.

कुणीतरी तिच्यासाठी लाह्या आणल्या, एक पुंगी आणली.
दोन्ही मी मशीनच्या खणात दडवलं.
तिनं पाहिलं होतं.
ती त्या खणाशी रोज थोडा वेळ
नुसती बसून राहायची.

बाविसाव्या दिवशी नाड्या सोडल्या.
तासभर हात तसेच ताठ धरून होती,
बुकरम अजून अंगात असल्यासारखी.

नंतर बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं,
ओठांपुढं कापूस धरा,
प म्हटलं की हलला पाहिजे.
आमचा मुलुख धानाचा, कापूस कुठला,
मी काजांखालचा दोऱ्यांचा पुंजका धरला.
प.
पुंजका जागेवर, नाकपुडी हलली.
आठ दिवस. पंधरा दिवस.
मी पुंजका डबीत ठेवून दिला
आणि तो विषय तिच्यापुढं काढला नाही.

काल चौरेबाईंचा परकर शिवत होतो.
लाईट गेलेली, पायानं मशीन.
नैना खाली पायडलपाशी.
काहीतरी घरंगळलं. तिनं उचललं.
‘बॉबिन.’

पाय थांबला.
सुई कापडात अर्धी.
‘काय म्हटलं?’
‘बॉबिन,’ ती वैतागली,
हात कोपरातून वाकवून वर केला,
‘ने ना, मामा.’

मी घेतली.
परकराची ती शिवण जरा वाकडी आली आहे.
चौरेबाईंना सांगून टाकीन.