गांधीलमाशीचा परवाना

वोय्कोमामाच्या मधाला वेबसाइट हवी होती.
त्याला नव्हे, ल्युब्ल्यानाच्या एका हॉटेलला हवी होती,
जे म्हणालं, पत्ता नको, लिंक पाठवा.
म्हणून मी, त्याची भाची,
दिवसा रादोव्ल्यित्साच्या पोस्टात शिक्के मारणारी,
रात्री त्याच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले.
बाहेर बर्फ. पेट्या निजलेल्या.
मामा शेगडीशी बरण्यांना झाकणं लावत होता.

पहिली माशी दोन मिनिटांत सापडली.
गोल, हसरी, गालांवर लाली,
आणि शेजारी लिहिलेलं: फ्री.
मी ती उचलून मधाच्या नावाशेजारी बसवलीही.
मग नजर घसरली
खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर.

फ्री म्हणजे काय, याला एक शब्द पुरत नाही.
फुकट असतं, मोफत असतं, मोकळं असतं.
फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत.
मोफत म्हणजे कुणीतरी आपण होऊन दिलंय.
मोकळं म्हणजे गळ्यात कुणाचंच दावं नाही.
माझी माशी फुकट होती, वाढदिवसाच्या कार्डापुरती.
मध विकायचा म्हटलं
की दावं ताणलं जायचं.

दुसरीवर लिहिलेलं रॉयल्टी-फ्री,
म्हणजे आधी एकदा पैसे, मग परत परत नाहीत.
तिसरीला पैसे नकोत, नाव हवं,
काढणाऱ्याचं, पानाच्या तळाशी.
एक कुठंही चालेल, पण लोगोत नाही.
बरणीच्या लेबलावर? त्याला वेगळा परवाना,
आणि पाच लाख प्रती ओलांडल्या तर आणखी वेगळा.
"पाच लाख!" मामाच्या हातात झाकण तसंच राहिलं.
"यंदा तीनशे बारा बरण्या झाल्यात."

मग म्हणाला, "माझ्या माशा रोगेल्यच्या लिंडनवर जातात,
चर्चच्या बागेत जातात.
कधी कुणाला विचारत नाहीत."
"म्हणूनच तू दर नाताळात
रोगेल्यकडे एक बरणी पोचवतोस," मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
ते झाकण जरा जास्तच घट्ट लागलं.

साडेबाराला एक मिळाली.
पोर्तोच्या ग्रासिंदा मोउता नावाच्या बाईनं काढलेली,
नऊ युरो, व्यवसायासाठी, जगभर, कायमची.
अटी मी दोनदा वाचल्या,
पोस्टातल्या बाईला शोभेल अशा.
पैसे भरले, पावती आली,
आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली, थोडी ऐटीतच.

त्यानं चष्मा लावला. बोट टेकवून मोजलं.
"पाय चार. बाकीचे दोन कुठं गेले?"
मग जरा थांबून, "आणि ही गांधीलमाशी आहे.
कंबर बघ तिची. पिवळेपणा बघ.
आमच्या राखाडी,
चुलीच्या राखेतून आत्ताच उठल्यासारख्या.
गांधीलमाशी दारावर लावून मध कोण विकतं?"

टॉर्च घेऊन तो बर्फात गेला
आणि काखेत एक फळी घेऊन आला,
जुन्या पेटीची पुढची पाटी,
रंग उडालेला, एका कोपऱ्यात किड्यांची भोकं.
तिच्यावर अस्वल तराजू धरून बसलंय,
रांगेत पाद्री उभा, टोपी हातात.
खाली १८७१.
"हे लाव."
"हे कुणाचं?" मी विचारलं. सवय.

तो फळीकडे बघत राहिला.
कायद्यानं ती केव्हाच मोकळी.
रंगवणाऱ्याचे पणतूसुद्धा आता मातीत.
तरी मामानं स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं,
जिथं बाकीच्यांची नावं असतात.
"इथं लिही.
रंगवणारा माहीत नाही.
विचारायला कुणी उरलं नाही."

तेवढंच लिहिलं. गुरुवारी वेबसाइट सुरू झाली.
हॉटेलनं चाळीस बरण्या मागवल्या,
अस्वलाबद्दल अवाक्षर नाही.

माझ्याकडे मात्र अजून आहे
चार पायांची एक गांधीलमाशी,
पावतीसकट माझी,
जगभर, कायमची.
फक्त लोगोत नको.