सोमल

ओहोटीला जुव्यावर उतरलो.
रेंद्यात पाइप ठोकला. बाई म्हणाल्या,
रिहाना, घट्ट धर.
चिखल बाहेर आला सलग, खाजाच्या कांडीसारखा.
बाई यंत्र टेकवत गेल्या.
तळाशी जांभ्याची माती: सोमल तिचाच, मूळचा,
दगडानं मुठीत धरलेला.
वर कलमांची फवारणी, पऱ्ह्यानं उतरलेली.
मधे, वीतभर खोल, आकडा उसळला.
"इथं कसला कारखाना होता?"

कारखाना कुठला. चुडतांची खोप
आणि हसनमियां होडेकर, माझे अब्बा.
होडीच्या बुडाला कालवं धरू नयेत
म्हणून तो तांबडा रंग लावायचे,
ब्रश खाडीत धुवायचे,
त्याच हातानं भाकरी मोडायचे.
त्या रंगाच्या पैशांवर मी बारावी झाले,
दशांश चिन्ह कुठं द्यायचं ते शिकले.

बाईंनी पिशवीवर नंबर घातला.
"नाव लिहायचं असतं का?"
"नाही गं. फक्त खोली."

भरती चढली. भोक बुजलं.
पलीकडे कमरेइतक्या पाण्यात जुलेखा
पायाच्या अंगठ्यानं तिसऱ्या चाचपत होती.
"किती झाल्या?" मी ओरडले.
टोपली उचलून दाखवली तिनं.
जड होती, दोन्ही हात लागले.