सहावा वापर

मार्करनं लिहिलेलं माझं नाव, खाली आकडा: पाच.
आफ्रिन फडताळातून फिल्टर काढून माझ्यासमोर धरते.
मी वाचतो, हो म्हणतो. नियमच आहे तसा,
आपलं नाव आपणच ओळखायचं.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई पसरली, आकडा सरकला, की ताव बाद.
कोट्यवधी मोजले, घरी नेला तो पगार.
आता जेल रोडवरनं रिक्षानं इथं येतो
आणि वाटेत बाराशेचा हिशोब करतो:
नवा फिल्टर बाराशे. आठ वेळा वापरला तर दीडशे.
वर धुण्याचं ॲसिड, पाणी, आफ्रिनचा अर्धा तास,
धरा दोनशे दहा.
आठवड्यातून दोनदा.
डॉक्टर तीनदा म्हणतात. तेही मोजलंय, म्हणून दोनदा.

धुतल्यावर ती बघते
आतल्या केसाएवढ्या नळ्या किती उघड्या, किती बुजल्या.
शंभराचे ऐंशी उरले की फेकायचा.
माझा मागच्या खेपेला चौऱ्याऐंशी.
माणसाला असं कुणी मोजत नाही, मी म्हटलं.
ती म्हणाली, काका, वजन सांगा. पाणी किती प्यालात?

खिडकीजवळच्या पलंगावर मोझेस साळवे असायचे,
शरणपूरचे, ड्रॉइंगचे मास्तर.
द्राक्षांच्या दिवसांत रुमालात चार मणी आणायचे,
सुई टोचायच्या आधी एक तोंडात टाकायचे.
"आज धुणं आहेच, पडू दे डाग."

मंगळवारी आले नाहीत.
त्यांचा फिल्टर फडताळात. नावाखाली तीन.
म्हणजे पाच वापर शिल्लक.
दीडशे पंचे साडेसातशे.
माझ्या डोक्यात हे आधी आलं.
बाकीचं घरी, चप्पल काढताना.

साडेसातशे, आणि कुणालाच देता येत नाहीत.
त्यांच्या बायकोला नाही,
आज त्याच पलंगावर निजलेल्या सटाण्याच्या पोरालाही नाही,
ज्याचा बाप जिन्यात उभा राहून
हळू आवाजात कुणाला तरी फोनवर दादा दादा म्हणतोय.
आफ्रिननं तो लाल पिशवीत टाकला,
वहीतल्या नावावर रेघ मारली.
सरळ यावी म्हणून पट्टी शोधली आधी.

आता माझ्या पाचावर ती काट मारते, सहा लिहिते.
शाई वाळू दे, मी म्हणतो, मग हात लाव.
जुनी सवय.
ती फुंकर घालते.